साठ रात्रींची रोजनिशी

२४ मार्च २०२०, मंगळवार. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. रात्री आठ वाजता पंतप्रधान दूरचित्रवाणीवर बोलले आणि मध्यरात्रीपासून एकवीस दिवस देश बंद राहणार, हे सगळ्यांना कळलं. महाराष्ट्रात संचारबंदी आदल्या दिवसापासूनच होती, मुंबईची लोकल थांबली होती. तरी भाषण संपताच गल्लोगल्ली वाण्याच्या दुकानापुढे गर्दी झाली. साखरेच्या गाठी आणि झेंडूची फुलं घ्यायच्या त्या रात्री माणसं पीठ, डाळ, तेल आणि रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत भरत होती.

त्याच रात्री चीनमधल्या वुहान शहरात फांग फांग नावाच्या ६४ वर्षांच्या लेखिकेने आपल्या रोजनिशीची शेवटची नोंद लिहिली. ती साठावी होती. ८ एप्रिलला वुहान खुलं होईल, अशी घोषणा त्याच दिवशी झाली होती. २५ जानेवारीपासून रोज रात्री लिहीत आलेल्या या बाईंनी शहर उघडणार हे कळल्यावर लेखणी खाली ठेवली. त्यांची वही मिटली त्या रात्री आपली उघडली.

त्या साठ दिवसांत वुहानच्या लोकांनी काय खाल्लं, काय सोसलं आणि काय लिहिलं, हे समजून घ्यायला हवं. कोरोनाच्या महामारीचं पहिलं साहित्य तिथे जन्माला आलं आणि त्याची किंमतही तिथल्याच माणसांनी मोजली.

पहाटे दोनची सूचना

वुहान म्हणजे मुळात तीन गावं. यांगत्से नदीच्या एका काठाला वुचांग, दुसऱ्या काठाला हानखौ आणि हानयांग, मधून हान नदी येऊन मिळते. बीजिंगहून दक्षिणेला जाणारा लोहमार्ग इथे यांगत्से ओलांडतो. आपल्याकडे भुसावळ किंवा मनमाडला चारी दिशांच्या गाड्या भेटतात, तसं हे मध्य चीनचं जंक्शन. कायम राहणारी लोकसंख्या मात्र १ कोटी १० लाख.

मराठी माणसाच्या आठवणीत हे शहर असायला हवं होतं. १९३८ साली जपानने चीनवर चढाई केली असताना भारतातून पाच डॉक्टरांचं वैद्यकीय पथक तिकडे गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. येनान या पुढच्या मुक्कामी पोचण्याआधी त्या शरद ऋतूत हे पथक हानखौला राहून जखमी सैनिकांवर उपचार करत होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर वुहान जपान्यांच्या हाती पडलं. व्ही. शांतारामांनी १९४६मध्ये कोटणिसांवर चित्रपट काढला, त्यामुळे कोटणीस आपल्या ओळखीचे झाले. हानखौ विस्मरणात गेलं.

२०१९चा डिसेंबर संपत आला तेव्हा याच हानखौमधल्या हुआनान बाजाराशी संबंध असलेले न्यूमोनियाचे रुग्ण दवाखान्यांत येऊ लागले. ३० डिसेंबरला वुहानच्या केंद्रीय रुग्णालयातल्या आपत्कालीन विभागाच्या प्रमुख डॉ. आय फेन यांच्या हातात प्रयोगशाळेचा एक अहवाल आला. त्यातल्या सार्स विषाणूच्या उल्लेखाभोवती त्यांनी लाल वर्तुळ काढलं आणि तो एका वर्गमित्राला पाठवला. त्याच रुग्णालयातले नेत्रतज्ज्ञ डॉ. ली वेनलियांग यांच्यापर्यंत तो संध्याकाळी पोचला. त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयातल्या जुन्या मित्रांच्या गटावर सावध राहा, घरच्यांना सांगा, असं कळवलं. ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांना ठाण्यात बोलावून अफवा पसरवल्याबद्दल समज दिली. त्या कागदावर दोन प्रश्न होते: यापुढे असं करणं थांबवू शकाल का, आणि समजलं का? लींनी खाली दोन शब्द लिहिले, ‘शकेन’ आणि ‘समजलं’. अंगठ्याचे लाल ठसे उमटवले आणि ते कामावर परतले.

त्यानंतरचे सतरा दिवस या सगळ्या कथेतला सर्वांत जड भाग आहे. हा आजार माणसाकडून माणसाला होत असल्याचा स्पष्ट पुरावा नाही, तो रोखता येण्याजोगा आहे, असं अधिकारी सांगत राहिले. १८ जानेवारीला बायबुथिंग वस्तीत नववर्षानिमित्त हजारो कुटुंबांची सामुदायिक पंगत झाली. घराघरांतून पदार्थ करून आणले गेले, लोक एकमेकांच्या ताटातलं चाखत राहिले. २० तारखेला ज्येष्ठ श्वसनरोगतज्ज्ञ चुंग नानशान यांनी दूरचित्रवाणीवर सांगितलं की हा रोग माणसाकडून माणसाला होतो. आणि २३ जानेवारीला पहाटे दोन वाजता सूचना निघाली: सकाळी दहापासून शहराबाहेर जाणाऱ्या गाड्या, विमानं, बस बंद, शहरातली भुयारी रेल्वे आणि बसही बंद. चिनी नववर्ष दोन दिवसांवर होतं. त्याआधी सुमारे पन्नास लाख माणसं शहर सोडून गेली होती, असं पुढे महापौरांनीच सांगितलं. मागे नव्वद लाख उरली.

लिहिणारी बाई

फांग फांग हे टोपणनाव. मूळ नाव वांग फांग. जन्म नानजिंगचा, १९५५चा, पण लहानपणापासून वाढल्या त्या वुहानमध्ये. विद्यापीठात जाण्याआधी चार वर्षं त्यांनी हमाली केली होती. गाडीवर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसांत त्या वावरल्या आणि पुढे कथाकादंबऱ्यांतून त्यांनी हानखौच्या गरीब वस्त्याच मांडल्या. २०१०मध्ये त्यांना लू शुन साहित्य पुरस्कार मिळाला. वुहान ज्यात येतं त्या हूबे प्रांताच्या लेखक संघाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. २०१६मध्ये त्यांनी भूसुधारणेच्या काळातल्या हिंसेवर कादंबरी लिहिली. तिच्यावर कडवी टीका झाली आणि पुस्तक दुकानांतून नाहीसं झालं. सत्तेशी आणि जमावाशी गाठ पडणं म्हणजे काय, हे त्यांना महामारीआधीच ठाऊक होतं.

शहर बंद झालं तेव्हा त्या वुचांगमधल्या लेखक-कलावंतांच्या वसाहतीत एकट्या होत्या. सोबतीला सोळा वर्षांचा म्हातारा कुत्रा. मुलगी २२ जानेवारीच्या रात्री जपानहून परतली होती. संसर्गाच्या भीतीने मायलेकींनी वेगळं राहायचं ठरवलं. फांग फांगना मधुमेह होता. एका साहित्यिक नियतकालिकाच्या संपादकाने टाळेबंदीच्या नोंदी लिहून ठेवायला सुचवलं. चीनमधल्या ‘वेइबो’ या समाजमाध्यमावरचं त्यांचं खातं त्याआधी काही काळ बंद केलेलं होतं. ते पुन्हा चालू झालंय का हे पाहायला त्यांनी नववर्षाच्या दिवशी पहिली नोंद टाकली. ती गेली. मग रोज एक.

नोंद सहसा हवामानाने सुरू व्हायची. आज ऊन आहे, आज पाऊस आहे. मग कुणाचा फोन आला, कोण गेलं, शेजाऱ्याने दारात काय आणून ठेवलं, कुत्र्याचं खाणं संपत आलंय, पलीकडच्या घरात मुलगी एकटीने काय शिजवतेय. मग डॉक्टर मित्रांनी सांगितलेल्या गोष्टी: खाटा आहेत की नाहीत, किती वाट पाहावी लागतेय. आणि जवळपास दर दोन-चार नोंदींनी तोच एक प्रश्न: डिसेंबरअखेरपासूनचे ते वीस दिवस का वाया गेले आणि त्याला जबाबदार कोण?

यात अलंकार नव्हते. कादंबरी लिहिणारी ही बाई कादंबरीकाराची सगळी हत्यारं बाजूला ठेवून लिहीत होती. घाईघाईने लिहिलेलं, पुनरुक्ती असलेलं, दुसऱ्या दिवशी चूक कळली तर ती दुरुस्त करणारं असं ते लेखन होतं. तेच वाचायला चीनमधली लाखो माणसं रात्री बारा-एकपर्यंत जागी राहत, कारण सकाळपर्यंत ती नोंद पुसली गेलेली असे. वेइबोवर अडथळा आला की अर शियांग या लेखिका मैत्रिणीच्या वीचॅट या दुसऱ्या समाजमाध्यमावरच्या सार्वजनिक खात्यावरून ती प्रसिद्ध होई. तिथूनही काढली गेली की वाचकांनी आधीच उतरवून घेतलेल्या प्रती फिरत.

फाटकाशी आलेला कोबी

वुहानमधली माणसं मोठ्या वसाहतींतून राहतात. भिंत, फाटक, आत दहा-वीस उंच इमारती. पहिले काही दिवस लोकांना भाजी आणायला बाहेर पडता येत होतं. ११ फेब्रुवारीच्या सुमारास वसाहतींची फाटकंही बंद झाली आणि स्वयंपाकघर कसं चालवायचं हा प्रश्न प्रत्येक घराला पडला.

उत्तर सापडलं ते सामूहिक खरेदीत. इमारतीतला एखादा उत्साही माणूस म्होरक्या होई. तो वीचॅटच्या गटावर यादी टाकी: कोबी, मुळा, कमळकाकडी, अंडी, डुकराचं मांस. ठरावीक संख्येने मागणी जमली की पुरवठादार गाडी पाठवी. फाटकाच्या आत जमिनीवर पिशव्या ओळीने मांडल्या जात, प्रत्येकीवर घराचा क्रमांक. एकेका घराला खाली बोलावलं जाई. मास्क लावलेला माणूस येई, आपली पिशवी उचली, दुसऱ्यापासून अंतर राखून लिफ्टकडे वळे, घरी गेल्यावर भाजी धुवून दारापाशी वाळत घाली. अनेक वर्षं एकाच जिन्याने चढउतार करूनही एकमेकांची नावं ठाऊक नसलेली माणसं या कोबीमुळे ओळखीची झाली. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्या म्हाताऱ्यांची मात्र पंचाईत. त्यांच्यासाठी शेजाऱ्यांनी किंवा स्वयंसेवकांनी मागणी नोंदवली तरच काही मिळे.

यातली लबाडीही लोकांनी पाहिली. काही दुकानं ठरावीक वस्तूंचा गठ्ठाच घ्यायला लावत; नको असलेल्या वस्तू गळ्यात पडत. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात एका वुहानी बाईने आपल्या वसाहतीच्या गटावर या प्रकाराचा अस्सल स्थानिक बोलीत खरपूस समाचार घेतला. तो ध्वनिमुद्रित संदेश देशभर फिरला आणि स्थानिक अधिकाऱ्यांना लगेच लक्ष घालावं लागलं. फांग फांगनी त्या बाईचं कौतुक केलं. शिव्यांतही एक सच्चेपणा असतो आणि गुळगुळीत सरकारी भाषेपेक्षा तो शहराला जास्त उपयोगी पडतो, हे हमाली केलेल्या लेखिकेला सांगावं लागत नव्हतं.

५ मार्चला उपपंतप्रधान सुन चुनलान एका वसाहतीची पाहणी करायला आल्या. घरोघर भाजीपाला कसा पोचतोय हे त्यांना दाखवलं जात असताना वरच्या खिडक्यांतून लोक ओरडू लागले, ‘खोटं आहे, खोटं आहे!’ दुसऱ्या दिवशी शहराच्या पक्षसचिवांनी वुहानच्या लोकांना कृतज्ञतेचं शिक्षण द्यायला हवं असं म्हटल्याची बातमी आली. मृतांच्या घरचे लोक अजून अस्थी आणायला जाऊ शकलेले नव्हते. फांग फांगनी लिहिलं की आभार मानायचेच असतील तर सरकारने आधी या कुटुंबांचे, डॉक्टरांचे आणि घरात बसून राहिलेल्या नव्वद लाख लोकांचे मानावेत.

फांग फांग एकट्याच लिहीत होत्या असं नाही. गुओ चिंग ही तरुण समाजसेविका जेमतेम दोन महिन्यांपूर्वी वुहानला राहायला आली होती. शहरात ना नातेवाईक ना जुने मित्र. तिने पहिल्याच दिवसापासून नोंदी ठेवल्या. रस्ता झाडणाऱ्यांशी, दुकानदारांशी ती बोलायची. रात्री मैत्रिणींशी तासन्‌तास गप्पा मारायची, म्हणजे एकटेपणाने माणूस खचू नये. तिची वही पुढे तैवानमध्ये पुस्तकरूपाने आली. ज्येष्ठ लेखिकेच्या वहीत शहराचा भूतकाळ आहे. या मुलीच्या वहीत परक्या शहरातल्या भाड्याच्या खोलीतला वर्तमान आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या की चित्र पुरं होतं.

शिट्टी वाजवणाऱ्यांची रात्र

७ फेब्रुवारीच्या पहाटे ली वेनलियांग गेले. रुग्णांवर उपचार करताना त्यांनाच लागण झाली होती. वय अवघं तेहेतीस-चौतीस, घरी लहान मुलगा आणि गरोदर पत्नी. मृत्यूची बातमी आदल्या रात्री आली, मग नाकारली गेली, मग पहाटे पक्की झाली. त्या रात्री चीनमध्ये फार थोडे लोक झोपले असतील. पोलिसांच्या कागदावरचे ते दोन शब्द लोकांनी उलटे केले: ‘शकत नाही’, ‘समजलं नाही’. कुणी ते मास्कवर लिहून छायाचित्रं काढली. त्या संध्याकाळी वुहानमध्ये घराघरांतले दिवे विझले, आणि मग खिडक्यांतून मोबाइलचे उजेड आणि शिट्ट्या. लींच्या १ फेब्रुवारीच्या शेवटच्या वेइबो नोंदीखाली लोक त्यांना पत्रं लिहू लागले. आज परीक्षा आहे, आज नोकरी गेली, आज वुहान उघडलं, आज तुमची आठवण आली. ही पत्रं लाखांनी जमली आणि लोक त्या पानाला अश्रूंची भिंत म्हणू लागले. मेलेल्या माणसाला रोज लिहिलेलं इतकं मोठं सामूहिक पत्र जगात दुसरं कुठे असेल असं मला वाटत नाही.

१० मार्चला आणखी एक नवल घडलं. ‘रेनवू’ या मासिकात डॉ. आय फेन यांची मुलाखत आली. ३० डिसेंबरच्या त्या लाल वर्तुळाची आणि त्यानंतर रुग्णालयातल्या वरिष्ठांनी केलेल्या कानउघाडणीची सगळी हकिगत त्यात होती. राष्ट्राध्यक्ष त्याच दिवशी वुहानच्या भेटीवर होते. काही तासांत लेख गायब झाला. मग वाचकांनी तो वाचवायला घेतला. शब्द ओळखून लेख पुसणाऱ्या यंत्राला चकवायचं म्हणून कुणी तो शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिला. कुणी रोमन अक्षरांत, कुणी मोर्सच्या टिंबरेघांत, कुणी निम्मे शब्द काढून त्या जागी इमोजी घातले. कुणी तर हाडांवर आणि कासवाच्या पाठींवर कोरलेल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या लिपीत तो उतरवला. आपल्याकडे एखादा बंदी आलेला लेख लोकांनी मोडीत, ब्राह्मीत आणि तारेच्या कडकट्टात लिहून घरोघर पोचवावा, तसं हे झालं. लेखात नवं काही न घालता, केवळ तो टिकावा म्हणून हजारो अनोळखी माणसं लेखनाची नवी रूपं शोधत होती. हे सर्जन आहे. साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी याला स्वतंत्र प्रकरण द्यावं.

कवितेवरूनही वाद झाला. जपानहून हूबेला मास्क आणि तापमापकांच्या पेट्या आल्या. त्यांवर जुन्या अभिजात चिनी काव्यातले आठ शब्द छापले होते. जपानच्या राजपुत्र नागायाने तेराशे वर्षांपूर्वी चीनला पाठवलेल्या कफन्यांवर हेच शब्द भरतकामात होते, आणि त्यांनी हेलावून ज्येनचन हा भिक्षू जपानला जायला निघाला, अशी कथा आहे. देश वेगळे असले तरी आकाश एकच, असा त्याचा आशय. लोक भारावले. वुहानच्या एका दैनिकाने मात्र संकटाच्या वेळी असल्या काव्यापेक्षा ‘वुहान, धीर धर’ ही साधी हाळीच बरी, असा लेख छापला. त्यावर वाचक संतापले. हाळी आणि कविता यांतलं एकच निवडायचं कशाला? २७ जानेवारीच्या रात्री आठ वाजता इमारतींच्या खिडक्यांतून तीच हाळी हजारो गळ्यांतून उठली होती, तेव्हा ती कवितेइतकीच खरी होती.

कान्सू प्रांतातून मदतीला आलेल्या एका परिचारिकेने तात्पुरत्या रुग्णालयातल्या पाळीनंतर कविता लिहिल्या. त्यांतल्या गाजलेल्या कवितेचा सूर असा: मला वीरांगना म्हणू नका, हार घालू नका, टाळ्या वाजवू नका, संरक्षक पोशाख आणि मास्क उतरवून मला जरा शांत श्वास घेऊ द्या आणि सुखरूप घरी जाऊ द्या. देशभरातून ४२ हजारांहून जास्त आरोग्यसेवक हूबेत आले होते. त्यांचे केस कापतानाच्या चित्रफिती गौरवाने दाखवल्या जात होत्या. त्या गदारोळात ही कविता एका दमलेल्या बाईच्या आवाजात बोलली.

वहीची किंमत

१३ फेब्रुवारीच्या नोंदीत फांग फांगनी एका छायाचित्राबद्दल लिहिलं. एका डॉक्टर मित्राने त्यांना ते पाठवलं होतं: दहनगृहाच्या फरशीवर पडलेले मोबाइलच मोबाइल, ज्यांचे मालक राख झाले होते. हे वाचून लोक हादरले आणि तिथूनच विरोधही पेटला. छायाचित्र दाखवा, नाहीतर अफवा पसरवता हे कबूल करा, असा घोशा सुरू झाला. पुढचे सहा आठवडे दर नोंदीखाली शिव्याशाप येत राहिले. ८ एप्रिलला वुहान खुलं झालं आणि त्याच सुमारास या रोजनिशीचा इंग्रजी अनुवाद येणार हे जाहीर झालं. आता आरोप बदलला: परक्यांच्या हाती सुरा दिला. वुहानमध्ये त्यांच्याविरुद्ध भिंतीवर मोठ्या अक्षरांतलं पत्रक लागलं. सांस्कृतिक क्रांतीचा काळ पाहिलेल्या पिढीला त्या पत्रकाचा अर्थ सांगावा लागत नाही. अनुवादक मायकेल बेरी यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ही रोजनिशी जगात अनेक भाषांत वाचली गेली. चीनच्या मुख्य भूमीवर ती पुस्तक म्हणून निघू शकली नाही.

फांग फांगना निदान स्वतःचं घर आणि नाव होतं. शांघायहून वुहानला येऊन रस्त्यांवरची दृश्यं टिपणाऱ्या चांग चान या माजी वकील बाईंना मे महिन्यात अटक झाली आणि २८ डिसेंबर २०२०ला चार वर्षांची शिक्षा सुनावली गेली.

दरम्यान काही गोष्टी कागदोपत्रीही मान्य झाल्या. १९ मार्चला ली वेनलियांग यांना दिलेली समज अयोग्य होती असा चौकशीचा निष्कर्ष आला आणि ती मागे घेतली गेली. १७ एप्रिलला वुहानने मृतांचा अधिकृत आकडा २,५७९ वरून ३,८६९ केला. एका दिवसात १,२९० माणसं मृतांच्या यादीत आली. ती गेली होती त्याआधीच. नोंद उशिरा झाली. आकड्याआधी त्यांचा उल्लेख कुठे झाला असेल, तर तो रात्री लिहिलेल्या या वह्यांत.

आपली वही

महामारी आपल्याकडे आली तीही वुहानवरूनच. ३० जानेवारीला केरळात सापडलेली देशातली पहिली रुग्ण वुहानहून परतलेली वैद्यकीय विद्यार्थिनी होती. १ आणि २ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या दोन विमानांनी तिथून ६४७ भारतीय परत आणले. ९ मार्चला पुण्यात महाराष्ट्रातले पहिले रुग्ण सापडले. १३ मार्चला राज्याने साथरोग कायदा लागू केला, जो १८९७ साली मुंबईच्या प्लेगमुळे जन्मला होता.

त्या प्लेगचं काय काय आपल्याकडे लिहिलेलं आहे? ‘केसरी’तले लेख आहेत, रँडच्या वधाचे खटले आहेत, दामोदर चापेकरांचं तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त आहे. १० मार्च १८९७ला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, ही नोंद आहे. पण गोरे सोजीर माजघरात शिरले त्या दिवशी चुलीवर काय होतं, झोपडीत हलवलेल्या घरातल्या सुनेने रात्र कशी काढली, हे सांगणारी रोजची वही आपल्या हाताशी फार कमी आहे. मोठी माणसं आणि मोठ्या घटना उरल्या. घरं पुसली गेली.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच भाषेत आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते होते. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी ते सगळं लिहिलं आणि चिंतामणराव वैद्यांनी १९०७मध्ये ‘माझा प्रवास’ म्हणून छापलं. सरकारची भीती होती म्हणून इतकी वर्षं थांबावं लागलं. एका गरीब भिक्षुकाने लिहून ठेवलं म्हणून तहानेने तळमळणाऱ्या झाशीच्या गल्ल्या आज आपल्याला दिसतात. वुहानच्या बाईंनी रात्रीच्या रात्री लिहिलं आणि भीती असतानाच छापलं. दोघांचं काम एकच: सत्तेकडे नसलेली आठवण जपणं.

आपण २०२०मध्ये पुष्कळ लिहिलं, पण बहुतेक सगळं फोनमध्ये. ८ मे रोजी जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले आणि रुळांवर पोळ्या पडलेल्या दिसल्या. १७ मे रोजी रत्नाकर मतकरी कोरोनाने गेले. ३ जूनला टाळेबंदीतल्याच कोकणावर निसर्ग वादळ आलं. १ जुलैच्या आषाढी एकादशीसाठी संतांच्या पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या. या तारखा वर्तमानपत्रांत मिळतील. ज्या घरात बाप रुग्णालयातून परत आला नाही आणि अंत्यविधीला दोनच माणसांना जाता आलं, त्या घराची नोंद वर्तमानपत्रात मिळणार नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या सोसायटीच्या त्या काळातल्या सूचना, गावच्या शाळेतल्या विलगीकरणाची यादी, प्रवासाचा ई-पास, मुलाच्या ऑनलाइन वर्गाची वही, मुंबईहून चालत आलेल्या भावाचे संदेश, हे सगळं जुना फोन टाकून देण्याआधी बाहेर काढा. छापून घ्या किंवा हाताने उतरवा. काय शिजवलं, कुणी काय आणून दिलं, कोण आलं नाही, कोण गेलं, हे साध्या वाक्यांत लिहा. कुणाचं चुकलं असं वाटलं तेही लिहा. वर तारीख घाला, खाली गावाचं नाव. आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. पुढची साथ येईल तेव्हा आपल्या नातवंडांना आकडे मिळतीलच. त्यांना ही वहीही मिळायला हवी.